हांगझोऊ की पॅरिस: कोणती कामगिरी मोठी?

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (2023) भारताने 107 पदकं जिंकली, त्यात 28 सुवर्ण. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळाली फक्त 6, सुवर्ण एकही नाही. पण 28 पैकी 11 सुवर्णं कबड्डी, क्रिकेट, स्क्वॉश आणि कंपाउंड (कप्पी लावलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीतली. हे खेळ पॅरिसमध्ये नव्हतेच. शिवाय तिथे सहा वेळा आपण चौथे आलो.

खरा फरक दिसतो तो आपल्या बीडच्या अविनाश साबळेमध्ये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी हांगझोऊत 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, 8:19.50 मिनिटांत धावला आणि सुवर्ण घेऊन आला. पॅरिसच्या अंतिम फेरीत तो 8:14.18 मध्ये पोहोचला, म्हणजे पाच सेकंदांनी वेगवान, आणि अकरावा आला! मोरोक्कोच्या एल बक्कालीने सुवर्ण नेलं ते 8:06.05 मध्ये. अठ्ठावीस अडथळे, सात पाण्यावरच्या उड्या, आणि अंतर उरलं आठ सेकंदांचं.

गावोगावी मिरवणूक निघते ती पदकाची. माझ्या मते पॅरिसची धाव मोठी. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत त्याआधी एकही भारतीय पुरुष पोहोचला नव्हता. बीड-लातूरच्या मैदानांवर पळणाऱ्या पोरांना प्रशिक्षकांनी साबळेची हीच 8:14.18 ची वेळ सांगावी.