हेल्पडेस्कवरून पुढं सरकायला सीसीएनए, एमडी-१०२ की आयटीआयएल? वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असाल तर एवढंच वाचून निघा. सीसीएनए म्हणजे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, एमडी-१०२ मायक्रोसॉफ्टचं, कंपनीचे पीसी सांभाळायचं, आणि आयटीआयएल आयटी सेवा कशी चालवायची याचं. एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला वर्ष-दोन वर्षं काढली असतील तर ए प्लसवर (कॉम्पटिआचं पीसी सपोर्टचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) पैसे घालू नका, थेट सीसीएनए धरा. कंपनी मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर जोडीला एमडी-१०२. आयटीआयएल फाउंडेशन पुण्याला जायचं पक्कं असेल तरच. ही तिन्ही माझ्याकडं आहेत आणि शेवटचं पदरात पडूनही बरेच महिने झालेत, त्यामुळं पास झाल्याच्या भरात लिहितोय असं नाही.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीत आयटीला आहे. आयटी म्हणजे आम्ही तिघं. अकाउंट्सच्या मॅडमचा पासवर्ड असो नाहीतर वजनकाट्याचा पीसी, सगळं आमच्याच गळ्यात. एल वन, एल टू (सोप्या आणि अवघड तक्रारींच्या वेगळ्या टीम) वगैरे पुण्याची चैन. इथं जो फोन उचलतो त्यानंच शेडमध्ये पळायचं.

निवड करताना यूट्यूबवरचे 'टॉप टेन' बाजूला ठेवले आणि आमच्या तिकिटांची (नोंदवलेल्या तक्रारींची) एक्सेल शीट उघडली. आम्ही स्वतः बंद केलेली तिकिटं काढून टाकली. बाहेरच्या व्हेंडरला बोलावून जी मिटली तेवढी ठेवली. त्यातली बहुतेक नेटवर्कची निघाली: 'ईआरपी (कंपनीचं हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) स्लो आहे', 'नेट आहे पण प्रिंट जात नाही', 'अख्ख्या शेडचं नेट गेलं'. व्हेंडरचा माणूस येईपर्यंत आम्ही चहा पीत बसायचो आणि बिल कंपनी भरायची. तुमच्या शीटमध्ये वेगळंच काही निघालं तर माझा निकाल तुम्हाला लागू नाही.

सीसीएनएचा पेपर एकच, २००-३०१. वेळ १२० मिनिटं, आणि एकदा पुढं गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. फी ३०० डॉलर आणि वर कर, म्हणजे आपल्या हिशोबानं तीस हजारांच्या आसपास. अभ्यासाला पॅकेट ट्रेसर (पीसीवरच नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो आणि तो पुरतो. मी हौसेनं स्क्रॅपला निघालेला सिस्कोचा एक २९६० स्विच (पीसी एकमेकांना जोडणारा डबा) साहेबांना विचारून घरी आणला होता. त्याच्या पंख्याचा आवाज ऐकून आई म्हणाली, "पिठाची गिरणी टाकलीस काय रं घरात?" चार दिवसांत तो माळ्यावर गेला.

उपयोग किती झाला, ते एका प्रसंगावरून सांगतो. पॅटर्न शॉपच्या एका सुपरवायझरनं मोबाइलला नेट मिळावं म्हणून घरचा जुना वायफाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला जोडला. वायर घातली लॅन पोर्टात. थोड्याच वेळात एकेक करून पीसींचं ईआरपी बंद पडायला लागलं. पूर्वी असं झालं की आम्ही स्विच बंद-चालू करायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. या वेळी बंद पडलेल्या पीसीवर आयपीकॉन्फिग ऑल (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं. आमचे पत्ते १० नं सुरू होतात, इथं १९२.१६८.० चा पत्ता आणि डीएचसीपी सर्व्हरही (पीसींना पत्ते वाटणारा) तिकडचाच. म्हणजे पत्ते वाटणारा दुसराच कोणीतरी घुसलाय. एआरपीमधून (कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा याची यादी) त्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा नंबर) काढला, स्विचवर मॅक टेबलमध्ये शोधला, पोर्ट सापडलं, बंद केलं. नंतर सगळ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावलं आणि फक्त सर्व्हरकडं जाणारं पोर्ट ट्रस्टेड ठेवलं. आता कुणी घरचा राउटर आणून लावला तरी त्यानं वाटलेले पत्ते कुणापर्यंत पोचत नाहीत. हे सगळं सीसीएनएच्या सिलॅबसमधलंच आहे, स्नूपिंग सिक्युरिटी फंडामेंटल्समध्ये. त्या सुपरवायझरदादांना दुपारी गेस्ट वायफायचा पासवर्ड देऊन टाकला, विषय संपला.

वाया काय गेलं? ओएसपीएफ (राउटरनी आपापसात रस्ते ठरवायची पद्धत) रात्र रात्र घोकलं, आणि आमच्याकडं एकच फायरवॉल, त्यात चार स्टॅटिक रूट (हातानं लिहिलेले रस्ते). ऑटोमेशनचे १० टक्के मार्क घेतले, पण जेसॉनला (डेटा लिहायच्या त्या फॉरमॅटला) त्यानंतर हात लागलेला नाही. मोठ्या कंपनीत लागत असेल. याउलट व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं), ट्रंक (ती सगळी नेणारी एकच वायर) आणि सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे पाडणं) रोज लागतं. /२६ च्या तुकड्यात ६२ होस्ट (यंत्रं) बसतात हे आता बोटं न मोजता सांगतो.

परीक्षा घरून देता येते, पण चारी बाजूंचे फोटो, रिकामं टेबल आणि खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही हे आमच्या एकत्र कुटुंबात जमणं अवघड. शिवाय लाईटचा भरवसा नाही. मी पहाटेची गाडी धरून पुण्याच्या सेंटरला गेलो. हायवेची कामं बघता आदल्या दिवशी जाऊन राहिलेलं बरं.

एमडी-१०२ बद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण सीसीएनएच्या खालोखाल तेच कामाला आलं. २०२३ मध्ये जुन्या दोन पेपरांच्या जागी हा एकच आला: इंट्यून (कंपनीचे सगळे पीसी एका जागेवरून सांभाळायचं), ऑटोपायलट (नवा पीसी आपोआप सेट करायचं), डिव्हाइसचं कंप्लायन्स (पीसी कंपनीच्या नियमात बसतो का). मायक्रोसॉफ्ट देशानुसार फी ठरवतं, त्यामुळं खिशाला सीसीएनएइतकं जड जात नाही. पेपर चालू असताना मायक्रोसॉफ्ट लर्नची (त्यांच्या शिकवणीच्या साइटची) पानं उघडता येतात, पण त्याचा जादा वेळ मिळत नाही, तेव्हा सगळं तिथं शोधायच्या नादाला लागू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हा कोणत्या मशिनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) आहे आणि कोणतं बदलावं लागणार, ही यादी आम्ही इंट्यूनमधून काढली. आधी ती वही घेऊन टेबलाटेबलाला फिरून केली असती.

आयटीआयएल ४ फाउंडेशन: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. अभ्यास हलका, पण परीक्षेबरोबर अधिकृत पुस्तक घ्यावंच लागतं, त्यामुळं बिल हलकं नाही. इन्सिडेंट (एकेक बिघाड) आणि प्रॉब्लेम (त्यामागचं मूळ कारण) यांतला फरक मात्र डोक्यात बसला. डिस्पॅचचा लेबल प्रिंटर रोज अडायचा आणि रोज नवं तिकीट पडायचं. सगळी तिकिटं एका प्रॉब्लेमखाली लावल्यावर दिसलं की मूळ शेजारच्या ग्राइंडिंगच्या धुळीत आहे. प्रिंटर काचेच्या केबिनमध्ये हलवला. एवढ्यासाठी सर्टिफिकेट लागतं का? नाही. पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस डेस्कच्या जाहिरातींत मात्र ते मागतात.

ए प्लसचे दोन पेपर, दोन व्हाउचर (परीक्षेच्या फीची कुपनं). नुसती एमएस-सीआयटी झालेल्या, पीसी उघडून न पाहिलेल्या फ्रेशरला ते चांगलं. बाकीच्यांनी कॉम्पटिआच्या साइटवरून त्याच्या ऑब्जेक्टिव्हची (परीक्षेत काय काय येतं त्या यादीची) फुकट पीडीएफ उतरवून घ्यावी आणि येत नाही तेवढंच वाचावं.

'गॅरंटीड पास' म्हणत डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) विकणारे क्लास आपल्याकडंही आहेत. आमच्याकडं इंटरव्ह्यूला आलेला एक मुलगा चकचकीत सर्टिफिकेट दाखवत होता. त्याला विचारलं, पीसीला १६९.२५४ चा पत्ता आला म्हणजे काय झालं? तो म्हणाला, "सर, नेट फास्ट आहे." डीएचसीपी मिळाला नाही की विंडोज स्वतःच तो पत्ता घेतं, हे आमच्या ऑफिसबॉयलाही एव्हाना ठाऊक झालंय.

पगाराचं म्हणाल तर कोल्हापुरात सर्टिफिकेट दाखवलं आणि आकडा बदलला असं होत नाही, भावा. माझा बदलला तो इन्क्रिमेंटला, आणि तेही व्हेंडरची बिलं कमी झालेली दाखवल्यावर. पुण्याचे फोन मात्र बायोडेटात सीसीएनए लिहिल्यापासून आपोआप यायला लागले.

मुदतीचंही बघून ठेवा. एमडी-१०२ वर्षभरच चालतं, पण शेवटच्या सहा महिन्यांत घरी बसून फुकट रिन्यू होतं. माझं झालंय. सीसीएनए आणि आयटीआयएलला तीन वर्षं. सीसीएनएसाठी ३० सीई क्रेडिट (पुढं शिकत राहिल्याचे गुण) गोळा करायची नाहीतर परत पेपर द्यायचा. त्या पेपरचे पैसे कंपनी देईल का, म्हणून साहेबांना विचारलंय. "मार्चनंतर बघू," म्हणालेत.