पावतीवर फक्त 'एसई ट्रेनर' : वैमानिक व्हायला निघालेल्यांसाठी

नागपुरातल्या एका कुटुंबाचे पायलट ट्रेनिंगमध्ये साडेदहा लाख अडकलेत. पैसे घेणारा एजंट शहरातलाच, फ्लाइंग स्कूल दुसऱ्या राज्यातलं. असेच आणखी फसू नयेत म्हणून त्यांच्या परवानगीने सगळा हिशेब इथे मांडतो आहोत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

एजंटच्या ऑफिसात भिंतीवर पाच विमानांचे फोटो होते. दोन सेस्ना 172, एक डायमंड डीए 40, दोन सेस्ना 152. मुलाला 172 वर शिकायचं होतं, काट्यांच्या घड्याळांऐवजी गार्मिन कंपनीच्या काचेच्या डिजिटल पडद्यांवालं. दर ठरला ताशी 17,000. दोनशे तासांचे 34 लाख, त्यातले निम्मे म्हणजे 17 लाख आधी. वर 18 टक्के जीएसटी म्हणून 3,06,000. चौदा महिन्यांत उडणं झालं 38 तास, सगळेच्या सगळे 152 वर. 172 कधी येणार विचारलं की एकच उत्तर, "येऊन राहिलं ना भाऊ, इंजिन ओव्हरहॉलला गेलं आहे."

भांडायला गेले तेव्हा पावती काढून दाखवली गेली. तिच्यावर विमानाचं नावच नव्हतं. लिहिलं होतं, 'एसई ट्रेनर, 200 तास'. एसई म्हणजे सिंगल इंजिन. 152 सुद्धा सिंगल इंजिनच. कागदावर स्कूलने शब्द मोडलाच नाही! त्याच स्कूलचा 152 चा छापील दर ताशी 13,000 आहे. म्हणजे प्रत्येक तासाला चार हजार, 38 तासांचे 1,52,000 नुसते दराच्या फरकात गेले.

इथे एक गैरसमज काढून टाकू. 152 हे वाईट विमान नाही. 1977 ते 1985 या काळात बनलेलं, दोन सीटचं, 110 हॉर्सपॉवरचं, आणि लँडिंगमधली चूक लगेच दाखवून देणारं. पहिल्या पन्नास तासांना ते पुरेसं आहे, आणि त्या टप्प्यावर काचेच्या पडद्यांसाठी जास्त पैसे मोजणं आम्हाला तरी पटत नाही. बाहेर क्षितिज बघायच्या वयात पोरगं आत पडदा बघत बसतं. अडचण वजनाची आणि उन्हाची. 152 चं कमाल वजन 757 किलो. रिकामं विमान 525 किलोच्या आसपास धरलं तर उरले 232. मुलगा 92 किलोचा, इन्स्ट्रक्टर 84 चा. राहिले 56 किलो, म्हणजे अंदाजे 78 लिटर अ‍ॅवगॅस, या विमानांचं पेट्रोल. टाक्यांत वापरण्याजोगं 93 लिटर मावतं, पण टाक्या फुल करून दोघं बसले की विमान ओव्हरलोड.

आता आपल्याकडचा मे महिना घ्या. सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,030 फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान 13 अंश, आणि दुपारी पारा 44 वर. गरम हवा विरळ होते, म्हणजे विमानाच्या लेखी उंची वाढते. फरक 31 अंशांचा, दर अंशाला साधारण 120 फूट. विमानाच्या पंखाला वाटतं आपण पावणेपाच हजार फुटांवर आहोत. कारखान्याच्या पुस्तकातला मिनिटाला 715 फुटांचा चढ मग जवळपास पाचशेवर येतो, तोही नव्या इंजिनाचा. म्हणून विदर्भ-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यात उन्हाळ्यात या विमानांचं उडणं सकाळीच उरकतं. पावसाळ्यात ढगांमुळे आणखी दिवस जातात. 'वर्षाचे तीनशे दिवस फ्लाइंग' असं कोणी सांगितलं तर मे आणि जुलैचे टेक लॉग, म्हणजे विमानाच्या रोजच्या उड्डाणांच्या नोंदवह्या, मागा.

पण खरी फसवणूक विमानाच्या जातीपेक्षा संख्येत आहे. फोटोतल्या पाचपैकी उडणारी दोनच होती. हे आधी ओळखता आलं असतं, आणि त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. हँगरमध्ये गेलात की चाकाशी बसा आणि ब्रेकची डिस्क बघा. रोज उडणाऱ्या विमानाची डिस्क ताटासारखी चकचकीत असते, उभ्या विमानाच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो. टायर एका बाजूने चपटा झालेला, पंखाखालच्या, वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कोळ्याचं जाळं, प्रोपेलरवर धुळीचा सारखा थर, ही सगळी तीच खूण. मग कॉकपिटमधल्या कागदांत एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेटची, म्हणजे विमान उडण्याजोगं असल्याच्या दाखल्याची, तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर ते विमान फोटोपुरतंच.

याहून पक्की युक्ती टॅकोची. टॅको म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचं, आरपीएमचं घड्याळ. त्यात तासांचा छोटा आकडा असतो, तो मोबाइलमध्ये टिपून घ्या. पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून परत जा आणि पुन्हा बघा. या स्कूलच्या एका 152 वर आधी 4,812.6 होते, नंतर 4,831.1. पंधरा दिवसांत साडेअठरा तास, महिन्याला 37. दोन विमानांचे 74. विद्यार्थी 32. एकाच्या वाट्याला महिन्याला 2.3 तास. दोनशे तासांना सात वर्षं! टॅको कमी आरपीएमवर हळू फिरतो, प्रत्यक्ष तास थोडे जास्त भरतात. तेवढी सूट दिली तरी सहा वर्षं. दुर्दैव असं की हा हिशेब पैसे भरल्यावर केला गेला.

बिल कशावर लागतं तेही विचारा. टॅकोवर, हॉब्स नावाच्या तास मोजणाऱ्या मीटरवर, की चाकाखालचे अडसर (चॉक) काढल्यापासून लावेपर्यंत? इंजिन चालू आहे तोवर हॉब्स घड्याळाच्या वेगाने धावतं. प्रवासी विमानांच्या विमानतळावर रनवेच्या तोंडाशी पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं नेहमीचं आहे. ते विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाण-तासांच्या वहीत भरतं, पैसेही लागतात, पण शिकणं शून्य. म्हणून तासांबरोबर लँडिंगची संख्या मोजत जा. सर्किटच्या, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याच्या सरावाच्या, एका तासात पाच-सहा लँडिंग व्हायला हवीत.

जीएसटीचे तीन लाख तर सरळ उपटलेले. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय)-मान्य फ्लाइंग स्कूलच्या मान्य कोर्सवर जीएसटी लागत नाही, हे जीएसटी कौन्सिलच्या सप्टेंबर 2024 मधल्या 54 व्या बैठकीनंतर स्पष्ट झालेलं आहे. तरी कोणी मागितला तर जीएसटी क्रमांकासह टॅक्स इन्व्हॉइस मागा. या प्रकरणात मिळाली ती एजंटच्या लेटरहेडवरची साधी पावती.

करार करताना पुढच्या गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. विमानाचा प्रकार आणि 'व्हीटी'ने सुरू होणारा त्याचा नोंदणी क्रमांक. त्या प्रकाराचा ताशी दर, आणि दुसऱ्या विमानावर बसवलं तर त्याच विमानाचा दर. महिन्याला किमान किती तास, आणि तेवढे न दिल्यास न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत. एकरकमी भरू नका, वीस-वीस तासांचे हप्ते पाडा. पैसे स्कूलच्या खात्यात, एजंटच्या नाही, आणि 'थोडे कॅश द्या' म्हटलं की उठून या. प्रकार मध्येच बदलला तर नवीन विमानाशी जुळवून घ्यायलाच पाच-दहा तास जातात. डीए 40 ला तर योकऐवजी (स्टिअरिंगसारख्या चाकाऐवजी) स्टिक, म्हणजे उभा दांडा आहे आणि पुढचं चाक मोकळं फिरतं, जमिनीवर वळायचं ते ब्रेकने.

बारावीच्या निकालानंतर एजंटचे फोन सुरू होतात. त्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. 34 लाखांच्या गोष्टी त्यानंतर.

या मुलाला परत मिळायला हवेत असे 17 लाखांतून 6,46,000 वजा जाता 10,54,000 आहेत, जीएसटी आणि दराचा फरक वेगळा. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली आहे, डीजीसीएलाही लिहिलं आहे. त्यानंतर स्कूलकडून निरोप आला तो पैशांचा नाही. "राहिलेले तास लॉगबुकात चढवून देतो, तक्रार मागे घ्या." या धंद्यात याला पी-51 म्हणतात. लढाऊ विमान नाही, पार्कर 51 पेन. पेनाने उडवलेले तास.

ते घेऊ नका. सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सच्या) अर्जासोबतच्या लॉगबुकातली प्रत्येक नोंद विमानाच्या टेक लॉगशी पडताळता येते, आणि हँगरमध्ये इंजिनाविना उभं असलेलं विमान त्या दिवशी हवेत होतं असं लिहिलेलं निघालं तर मुलाचं लायसन्स धोक्यात येतं. उलट रोज उतरल्यावर टेक लॉगच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. या मुलाचे 38 तास खरे आहेत हे नव्या स्कूलमध्ये त्याच फोटोंवरून सिद्ध झालं.