वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम: खानदेशातून खेळायला जाणाऱ्यांच्या नजरेतून

जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई किंवा धुळ्याहून मोटारीने पुणे गाठून गोल्फ खेळणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा परकं मैदान आणि अनोळखी सोबती येतात. तिथे चौघांना बरोबरीने खेळवणारी एकच सोय असते, ती म्हणजे हँडिकॅप, कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. 2020 मध्ये जगभरातल्या सहा वेगवेगळ्या पद्धती मोडून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम ही एकच पद्धत आली. भारतात तिचं काम इंडियन गोल्फ युनियन पाहते. गुणांच्या हिशेबात ती अव्वल आहे. खेळ वेळेत आटपायलाही ती मदत करते, पण आपला आकडा पाठ असेल तरच.

आधी हिशेब. कापसाच्या वजनातून ओलावा वजा करून भाव लावतात, तसा इथे फटक्यांतून मैदानाचा अवघडपणा वजा होतो. कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचे अपेक्षित फटके) 71.2, स्लोप (सामान्य खेळाडूला मैदान किती जास्त अवघड जातं त्याचा आकडा) 125 आणि पार (मैदानासाठी ठरवलेले फटके) 72 असलेल्या मैदानावर 98 फटके झाले, तर 98 मधून 71.2 वजा करायचे, उरलेल्या 26.8 ला 113 ने (सर्वसाधारण मैदानाच्या स्लोपने) गुणून 125 ने भागायचं. उत्तर 24.2. त्या दिवशी हवेपाण्यामुळे सगळ्यांचेच फटके वाढले असतील, तर त्याचीही थोडी सूट मिळते. अशा शेवटच्या वीस आकड्यांतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी म्हणजे हँडिकॅप इंडेक्स. सरासरी चांगल्या खेळाची असल्यामुळे रोज इंडेक्सइतकं खेळता येत नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

इंडेक्स 22.4 असेल तर याच मैदानावर कोर्स हँडिकॅप, म्हणजे या मैदानापुरता बदललेला आकडा, 24 येतो. स्टेबलफोर्ड सामन्यात (यात दर होलला फटक्यांनुसार गुण देतात) त्याचे 95 टक्के, म्हणजे 23 फटके मिळतात. प्रत्येक होलला एक, आणि स्कोअरकार्डवर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम, 1 सर्वांत अवघड) 1 ते 5 लिहिलेल्या होलला आणखी एक.

वेळेचा प्रश्न इथेच सुटतो. नेट डबल बोगीच्या, म्हणजे होलचा पार अधिक 2 अधिक तिथे मिळालेले फटके यांच्या, पुढचा एकही फटका हँडिकॅपमध्ये धरला जात नाही. स्ट्रोक इंडेक्स 3 असलेल्या पार 4 होलवर या खेळाडूची मर्यादा 4 अधिक 2 अधिक मिळालेले 2, म्हणजे 8. स्टेबलफोर्डमध्ये आठव्या फटक्याला गुणही शून्यच. म्हणून सातव्या फटक्यानंतर चेंडू होलबाहेर असेल तर तो उचलून पुढे चालायचं. नियमांनी सुचवलेल्या 40 सेकंदांच्या हिशेबाने दोन फालतू फटके म्हणजे 80 सेकंद. चौघांनी सहा-सहा होलवर असं केलं तर 32 मिनिटं जातात, आणि मागचे गट टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागेवर) ताटकळतात. गट रेंगाळला की खापर जास्त हँडिकॅपवाल्यावर फुटतं. ते अन्यायाचं आहे. 28 चा खेळाडू वेळेवर चेंडू उचलत असेल, तर तो प्रत्येक पटला (होलजवळच्या हलक्या फटक्याला) चारी बाजूंनी रेषा बघत बसणाऱ्या 9 च्या खेळाडूपेक्षा लवकर पुढे सरकतो.

साध्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजणाऱ्या प्रकारात, मात्र ही सोय नाही. तिथे चेंडू होलमध्ये घालावाच लागतो, नाहीतर बाद. 20 च्या वरच्या हँडिकॅपवाल्यांचा सामना स्ट्रोक प्लेने ठेवणाऱ्या समितीने पाच तासांची तयारी ठेवावी. त्यापेक्षा स्टेबलफोर्ड किंवा कमाल फटक्यांची मर्यादा असलेला प्रकार ठेवावा.

खटकतं ते एवढंच की आकडे दोन आहेत. गुण 23 वर मोजतात, पण इंडेक्ससाठी नोंद 24 वर होते. त्यामुळे स्ट्रोक इंडेक्स 6 असलेल्या पार 4 होलवर गुण सातव्या फटक्यालाच संपतात आणि नोंदीची मर्यादा 8 राहते. इथे नवखा गोंधळतो, त्याचे फटके लिहिणारा सोबती, म्हणजे मार्करही गोंधळतो. टीवर जाण्याआधीच दोन फटके मिळणाऱ्या होलवर पेन्सिलने दोन टिंबं द्या, बाकीच्यांवर एक.

क्वचित खेळणाऱ्यांना दुसरी अडचण येते. सुरुवातीला 54 होलची, म्हणजे अठरा होलच्या तीन फेऱ्यांची, कार्डं लागतात. तीनच कार्डं असतील तर सर्वांत कमी आकड्यातून आणखी 2 वजा होतात. 31.6, 29.0 आणि 33.1 या कार्डांवर इंडेक्स 27.0 बसतो, म्हणजे एकाही दिवशी खेळला नव्हता इतका कडक. पहिल्या सामन्यात कमी गुण पडले तर त्याचं कारण हेच. चौथ्या कार्डाला ही वजाबाकी 1 वर येते, पाचव्याला शून्य होते. एकट्याने खेळलेली फेरी धरत नाहीत, सोबत कुणीतरी हवंच. नऊ होलचं कार्ड मात्र चालतं, आणि 2024 पासून ते लगेच अठरा होलच्या आकड्यात बदलून जमा होतं. परतीची गाडी पकडायची घाई असेल तर नऊच होल खेळा, पण कार्डावर मार्करची सही घेऊन ते त्याच दिवशी भरा.