कूलिंग सेंट्रिफ्यूज घेताय? आरपीएमचं राहू द्या, आधी रोटर बघा

टेबलावर बसणारी, कूलिंगवाली देशी सेंट्रिफ्यूज (ट्यूबा रोटर नावाच्या फिरत्या भागात बसवून गरगर फिरवायचं, आतून थंड राहणारं मशीन) आम्ही परभणीत कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये वापरायलोत. मे महिना पण काढून झालाय तिच्यावर, म्हणून आता रिव्ह्यू टाकायला हरकत नाही. कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली थोड्या तक्रारी आहेत, आणि खरं सांगू का, या किमतीतल्या मशीनी आतून फार काही वेगळ्या नसतात.

डीलर आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, चौदा हजार आरपीएम आहे!" असू दे की. आरपीएम म्हणजे मिनिटाला होणारे नुसते फेरे, गाळ खाली बसवतो तो जी-फोर्स, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर, आणि तो रोटरच्या त्रिज्येवर पण अवलंबून असतो. ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग, मोबाईलवर होतं एवढं गणित. आमच्या मशीनचे ते चौदा हजार फक्त दोन एमएलच्या बारक्या ट्यूबच्या रोटरला, त्रिज्या साडेआठ, म्हणजे १८,६०० जीच्या आसपास. तेच बकेटवालं स्विंग-आउट रोटर (फिरताना ट्यूबा आडव्या होतात ते) बसवलं की मर्यादा ४,००० आरपीएम, त्रिज्या १६, हाती येतात जेमतेम २,८६० जी. ब्रोशरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापलाय ते सांगायला नको.

आता कामाचं. ई. कोलाय, बॅसिलस असली जिवाणू मंडळी स्विंग-आउटमध्येच पंधरा-वीस मिनिटांत छान बसतात, तळाला घट्ट बटण तयार होतं, वरचं पाणी सरळ ओतून द्या. पण आमचं निम्मं काम रायझोबियमचं. सोयाबीन-तुरीच्या मुळांवरच्या गाठीतून काढलेलं. त्याला चिकट पॉलिसॅकराइडचा लेप असतो, त्यामुळं २,८६० जीला ते बसल्यासारखं दाखवतं आणि ट्यूब वाकडी केली की शेंबडासारखं घसरत वरच्या पाण्यात जातं. त्याला पन्नास एमएलचं फिक्स्ड अँगल रोटर (ट्यूबा कायम तिरप्या राहतात ते) लागलं, ८,००० आरपीएम, म्हणजे ६,८०० जीच्या आसपास. हे रोटर वेगळं विकत घ्यावं लागतं आणि कोटेशनमध्ये ते कुणी स्वतःहून लिहीत नाही.

इम्यून कॉम्प्लेक्सच्या (अँटिजेन आणि अँटिबॉडी चिकटून झालेल्या जुड्यांच्या) कामात मात्र मशीनने मन जिंकलं. सीरममध्ये सात टक्के पीईजी ६००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) समप्रमाणात घालायचं, म्हणजे शेवटी साडेतीन टक्के राहतं, रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवायचं आणि सकाळी २,००० जीला वीस मिनिटं फिरवायचं. अँटिजेन-अँटिबॉडीच्या मोठ्या जुड्या पीईजीत आधी साकळतात, सुटं आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) बरंचसं वरच राहतं. यात तापमान म्हणजे सगळं काही, ट्यूब गरम झाली की साका परत विरघळायला लागतो, म्हणून साधी सेंट्रिफ्यूज इथं चालतच नाही. रोटर आणि बकेटी आधी अर्धा तास रिकाम्या थंड करून घ्या. साका दिसतो तरी केवढा, तळाला पांढुरका पातळ पापुद्रा, उजेडात धरून ट्यूब तिरपी केली तरच कळतो. फिक्स्ड अँगलमध्ये तो बाहेरच्या भिंतीवर पसरतो, म्हणून ट्यूब ठेवतानाच बाहेरच्या बाजूला मार्करने टिंब करायचं आणि टिप समोरच्या भिंतीला टेकवून पाणी ओढायचं. ब्रेक शून्यावर ठेवला तर उत्तम. आमच्या मशीनला ब्रेकच्या नऊ पायऱ्या आहेत, ही सोय लई कामाची.

पण याला "प्युरिफाइड" म्हणू नका बरं का. ब्रोशरवाल्यांनी बिनधास्त म्हटलंय. पीईजीसोबत आयजीएमसारखी मोठी प्रथिनं पण थोडीफार खाली येतात, रुग्ण जेवून आलेला असला तर चरबीमुळं सीरम दुधाळ होतं आणि ओडी (गढूळपणाचं मोजमाप) फुगून येतो. त्याच पीईजीने धुऊन घेतलं तर बरंच साफ होतं, पण खरं वेगळं करायचं तर सुक्रोज ग्रेडियंट (साखरेच्या पाण्याचे खाली दाट होत जाणारे थर) आणि अतिवेगवान अल्ट्रासेंट्रिफ्यूज. आयजीजी ७ एस, आयजीएम १९ एस आणि मोठे कॉम्प्लेक्स त्याच्याही पुढं. हा 'एस' म्हणजे खाली बसायच्या वेगाचं माप, नाव स्वेडबर्ग यांचं, ज्यांना १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, अल्ट्रासेंट्रिफ्यूज त्यांचीच. व्हायरसचं पण तेच. आकार जिवाणूच्या दहावा हिस्सा झाला की खाली बसायचा वेग शंभराव्या हिश्शावर येतो, त्यामुळं लाखभर जी लागतात. या मशीनवर रात्रभर फिरवून व्हायरस काढू म्हणणाऱ्या पीएचडीवाल्या पोरांना आम्ही अल्ट्रासेंट्रिफ्यूजसाठी पुण्याचं तिकीट काढायला सांगतो.

तक्रारी. मॅन्युअलमध्ये खोलीचं तापमान ३५ पर्यंत म्हणून लिहिलंय, आमच्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि लॅबचा एसी बंद. सेट ४, डिस्प्लेवर ९. एसी दुरुस्त होऊन खोली थंड झाल्यावर गपगुमान चारावर आली, म्हणजे मशीनचा दोष अर्धाच, पण विकताना हे बोलायला पाहिजे होतं ना? मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडा, गरम हवा निघायला.

लाईट गेली की रोटर आपलाआपला फिरत थांबतो आणि झाकण लॉकच राहतं. बाजूला बारीक भोक आहे, त्यात पिन घालून उघडतं, पण रोटर पूर्ण थांबल्यावरच. आमच्या लॅबमधल्या शिपाईमामांनी ती पिन मशीनलाच दोऱ्याने बांधून ठेवलीय. लाईट आल्यावर मशीन स्वतःहून सुरू होत नाही, हे चांगलंच आहे. स्टॅबिलायझर मात्र घ्याच. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून येणार, "उद्या निघतो सर" म्हणून आठवडा जातो.

टीबीचा थुंकीचा नमुना असल्या मशीनमध्ये उघड्या बकेटीत फिरवायचा विचार पण करू नका. सीलवाल्या झाकणाच्या बकेटी लागतात, त्या भरायच्या आणि उघडायच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, आणि फिरवून झाल्यावर एरोसोल (हवेत उडालेले बारीक थेंब) बसायला काही मिनिटं थांबून मगच उघडायच्या. आम्हाला त्या बकेटी वेगळ्या मागवाव्या लागल्या, ओ-रिंग अजून आलेल्या नाहीत, त्यामुळं तसले नमुने आम्ही घेतच नाही.

काम झाल्यावर झाकण उघडं ठेवून आतलं पाणी पुसून घ्या, आणि ॲल्युमिनियमच्या रोटरला ब्लीच लावू नका, खड्डे पडतात.

पाचपैकी साडेतीन. कोटेशन मागताना आरपीएम विचारूच नका, "माझ्या ट्यूबला, या रोटरमध्ये, ४ अंशाला किती जी" एवढं लेखी मागा, त्यावर डीलर किती वेळ गप्प बसतो तेही बघा.