क्रीडा मानवशास्त्र घ्यावं की क्रीडा समाजशास्त्र?

पीएचडीला खेळ हाच विषय धरायचाय पण कुठल्या दारातून शिरायचं ते ठरत नाहीये, अशांसाठी लिहितोय. दोन्ही नावं जुळ्या भावंडांसारखी वाटतात, पण वाढली फार वेगळी.

मानवशास्त्र खरं तर आधी आलं. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ टायलरने १८७९ मध्येच खेळांच्या इतिहासावर लिहिलं, नंतर १९०७ ला स्ट्युअर्ट क्युलिनचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी खेळांवरचा जाडजूड ग्रंथ आला. मधे १९०४ चा डागही आहे, सेंट लुईसला जत्रेत दाखवायला आणलेल्या आदिवासींना सराव न देता अनोळखी शर्यतींत पळवलं आणि वर त्याला शास्त्र म्हणाले! पुढे खेळ बराच काळ बाजूचा विषयच राहिला, संघटना झाली १९७४ ला, तीही 'प्ले'च्या, म्हणजे नुसत्या खेळण्या-बागडण्याच्या अभ्यासाची (आपल्याकडे प्ले, गेम, स्पोर्ट सगळं खेळच, त्यामुळे हा घोळ मराठीत कळतच नाही), आणि पाठ्यपुस्तक थेट १९८५ ला. समाजशास्त्रवाले १९६५ लाच आंतरराष्ट्रीय समिती स्थापून पुढच्या वर्षी जर्नल काढून मोकळे.

म्हणजे नावाचा कोर्स, जर्नल, ठरलेली वाट हवी तर समाजशास्त्र सोपं. वर्ग, लिंग, पैसा, खेळात कोण येतं नि कोण बाहेर राहतं, हे प्रश्न तिथे नीट बसतात, सर्व्हेची सवयही लागते. मानवशास्त्रात बहुतेकदा साध्या मानवशास्त्राच्या डिपार्टमेंटमध्ये शिरून खेळ आपणच विषय म्हणून रेटावा लागतो.

पण मजा तिथेच आहे बघा. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज ग्मेल्च स्वतः बेसबॉल खेळलेला, त्याने १९७१ मध्ये दाखवलं की खेळाडूंचे टोटके बॅटिंग आणि पिचिंगलाच (चेंडू टाकण्याला) जास्त, फील्डिंगला जवळपास नाहीत, कारण तिथे चूक क्वचितच होते, अगदी मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने अभ्यासलेल्या पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या कोळ्यांसारखं, जे सुरक्षित खाडीत मंत्र म्हणत नव्हते, धोक्याच्या खोल समुद्रात म्हणायचे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ सुझन ब्राऊनेल तर बीजिंगला शिकताना १९८६ मध्ये चीनच्या कॉलेज स्पर्धेत हेप्टॅथलॉनमध्ये (सात प्रकारांच्या मैदानी स्पर्धेत) उतरली आणि मग चिनी खेळाडूंच्या शरीरशिस्तीवर लिहिलं. हे प्रश्नावली वाटून मिळत नाही, पण वर्ष-दोन वर्षं एकाच जागी घालवायची तयारी लागते, आणि भाषा शिकायची पण.

आता कुंपण पक्कं नाहीच, शिकागोच्या बॉक्सिंग जिममध्ये तीन वर्षं ठोसे खाणारा फ्रेंच अभ्यासक लोइक वाकाँ समाजशास्त्रज्ञच. मी तरी डिपार्टमेंटची पाटी बघायच्या आधी गाइडने स्वतः मैदानावर किती महिने काढलेत ते विचारेन.