आगीचं प्रशिक्षण घेतलं: पाचपैकी चार तारे

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत परवाच्या रविवारी एका खासगी संस्थेचं दोन तासांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला निवृत्त फायरमन काका. आग विझवायच्या लाल सिलिंडरची पिन मला काही केल्या निघेना. काका हसले, "आधी दांडी सोडा न ताई, दाबून धरली तर पिन अडकतेच." मग नोझल ज्वाळेच्या बुडाशी धरायला लावलं.

खरा रंग चढला तो कायद्यावर. ड्युटीवरच्या जवानाला मुद्दाम अडवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२१: तीन महिन्यांपर्यंत कैद, २५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम रोखायला अंगावर गेलात तर कलम १३२, दोन वर्षांपर्यंत. बंबाला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्यानं १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दुसऱ्या माळ्यावरच्या भाऊंनी विचारलं, "अन् पाइपावरून गाडी नेली तर?"

"नेऊन पाहा न भाऊ! वरचं पाणी थांबते, मंग कोर्टाचं मागून पाहू."

सगळ्यांच्या नजरा गेटसमोर कायम उभ्या असणाऱ्या पांढऱ्या कारकडे गेल्या. मालक तर्री पोह्यात मग्न.

एक तारा कापला तो वाटलेल्या कागदासाठी. त्यात अडवणुकीसाठी अजून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १८६ अन् ५०० रुपये दंड! नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, बाप्पा. माइकही खरखरत होता. बाकी पैसे वसूल. कार संध्याकाळी हलली, सोमवारी परत तिथंच.