ट्रॅफिकचा पडदा की काचेबाहेरची नजर? छोट्या विमानासाठी तुलना

विमाने आपली जागा आणि उंची रेडिओने सतत प्रक्षेपित करतात, त्या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. तिचा सुटा रिसीव्हर काही शे डॉलरला मिळतो. टॅब्लेटला जोडला की आसपासची विमाने नकाशावर उमटतात. पायलट ट्रेनिंगसाठी अमेरिकेला निघालेली मुले हमखास विचारतात, हा घ्यावा, की इन्स्ट्रक्टर म्हणतात तशी बाहेर बघायची सवय लावावी? आमचे मत असे की घ्यावा, पण पडद्यासाठी नाही, हेडसेटमध्ये येणाऱ्या इशाऱ्यासाठी.

डोळे

हवा स्वच्छ असली की समोरचे विमान दिसणारच, हा समज मोडायला एक हिशेब पुरतो. अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए, तिच्या कोष्टकाप्रमाणे विमान नजरेस पडल्यापासून आपले विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात. त्यातले ५ सेकंद ‘हे आपल्यावरच येतंय’ हे उमगायला, ४ निर्णय घ्यायला आणि २ विमानाने वळायला. प्रत्येकी १०० नॉट (ताशी १०० सागरी मैल) वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने तेवढ्यात जवळजवळ ०.७ सागरी मैल जवळ आलेली असतात. त्या अंतरावर सेसना १७२ या छोट्या विमानाचे ३६ फुटी पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसतात, तेही बारीक रेघेसारखे. म्हणजे ते याहून लहान असतानाच सापडायला हवे.

त्यात धडकेच्या मार्गावरचे विमान काचेत सरकत नाही. ते एकाच जागी राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. हलणारी वस्तू डोळा चटकन पकडतो, ही नेमकी निसटते. रिकाम्या आकाशाकडे बघताना डोळ्याचा फोकसही नकळत काही मीटरवर येऊन थांबतो. म्हणून आकाशाचे १०-१० अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर किमान एक सेकंद नजर थांबवायची, आणि मधूनमधून लांबच्या डोंगराकडे किंवा ढगाच्या कडेकडे बघून फोकस दूर न्यायचा. खिडकीच्या खांबामागचे बघायला नुसती मान वळवून भागत नाही, खांदे पुढे-मागे हलवावे लागतात. पंख वर असलेल्या विमानात वळणाच्या बाजूचे काहीच दिसत नाही, तेव्हा वळण्याआधी तो पंख जरा उचलून बघा. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, वरती खालच्या पंखांचे पायपर विमान आणि त्याच्या खाली वरच्या पंखांचे सेसना, ही सर्वांत वाईट जोडी. दोघांनाही एकमेक दिसत नाहीत.

पडदा

पाच मैलांवरचे किंवा मागून येणारे विमान डोळ्यांना सापडत नाही, पडदा ते दाखवतो. कुठे बघायचे हे कळणे ही मोठी गोष्ट आहे. इशाऱ्यानंतर केलेला शोध आठपट परिणामकारक ठरतो, असा आकडा ऑस्ट्रेलियाच्या हवाई अपघात तपास संस्थेने १९९१ च्या अहवालात दिला होता.

पण पडदा रिकामा म्हणजे आकाश रिकामे नव्हे. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाने आपली जागा स्वतः प्रक्षेपित करणारे यंत्र, सक्तीचे झाले ते ठरावीक क्षेत्रांत: क्लास ए, बी, सी ही नियंत्रित हवाई क्षेत्रे, मोठ्या विमानतळांभोवतीचा ३० मैलांचा पट्टा आणि ढोबळमानाने १०,००० फुटांच्या वर. त्याबाहेर, इलेक्ट्रिक सिस्टीमच नसलेले जुने पायपर कब शेजारून गेले तरी पडद्यावर येणार नाही.

ज्यांच्याकडे फक्त ट्रान्सपॉन्डर (रडारच्या विचारणेला रेडिओने उत्तर देणारे यंत्र) आहे ती विमाने रडार बघते आणि जमिनीवरचे केंद्र त्यांची जागा प्रक्षेपित करते. या सेवेला टीआयएस-बी म्हणतात. इथे खाच आहे. हे प्रक्षेपण आउट असलेल्या विमानासाठीच होते, त्याच्याभोवती १५ सागरी मैल आणि वर-खाली ३,५०० फूट एवढ्यापुरते. तुमच्या विमानात आउट नसेल आणि मांडीवर नुसता रिसीव्हर असेल, तर दुसऱ्या कुणासाठी पाठवलेली माहिती तुम्हाला फुकट ऐकू येते. चित्र अर्धवट असते आणि ते अर्धवट आहे हे कळायला मार्ग नसतो. शिवाय लांब पल्ल्याच्या रडारची फेरी १२ सेकंदांची असते, तेवढ्यात १०० नॉटचे विमान ६०० मीटर पुढे गेलेले असते. ही सेवा अमेरिकेतली आहे, भारतात परतल्यावर तिच्यावर विसंबू नका. आल्प्समध्ये ग्लायडरांच्या गर्दीत उडायचे असेल तर फ्लार्म, म्हणजे ग्लायडरांतली धडकेचा इशारा देणारी यंत्रणा, ऐकणारा रिसीव्हर हवा.

दोन्ही बाजू एकाच वेळी कशा फसतात याचे उदाहरण अलास्कातले केचिकन. १३ मे २०१९ रोजी पर्यटकांना फिरवणारी बीव्हर आणि ऑटर ही दोन सी-प्लेन भरदिवसा हवेत धडकली, ६ जण गेले. एडीएस-बी दोन्हींत होते. पण ऑटरकडून उंचीची माहिती प्रक्षेपित होत नव्हती आणि उंचीशिवाय बीव्हरमधल्या ॲपला इशारा देता येत नव्हता. ऑटरच्या यंत्रणेत इशाऱ्याची सोयच नव्हती. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, एनटीएसबीने, कारणांत ‘बघा आणि टाळा’ पद्धतीच्या मर्यादा आणि इशाऱ्यांचा अभाव, दोन्ही नोंदवले.

मग काय घ्यावे

भाड्याच्या विमानात आधी आउट आहे का ते विचारा. असेल तर एडीएस-बीच्या ९७८ आणि १०९० मेगाहर्ट्झ या दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकणारा रिसीव्हर घ्या आणि ॲपचा आवाज ब्लूटूथने हेडसेटमध्ये आणा. पैसे उरले तरी मोठा टॅब्लेट घेऊ नका, तो नजर आत खेचतो. विमान स्वतःचे असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर ट्रान्सपॉन्डरांना स्वतः विचारणा करणारी टीएएस यंत्रणा जमिनीवरच्या केंद्राशिवाय चालते. मात्र तिची दिशा ढोबळ असते आणि किंमत कितीतरी पट जास्त.

ॲपमध्ये विमानाचा नोंदणी क्रमांक भरा, नाहीतर तुमचेच विमान पडद्यावर दुसरे म्हणून उमटेल आणि तुमचीच सावली तुमचा पाठलाग करताना दिसेल. रिसीव्हर बाजूच्या किंवा मागच्या खिडकीला लावा. नकाशा सहसा विमान ज्या दिशेने सरकते ती दिशा वर धरतो, नाक कुठे आहे ते नाही. ९० नॉट वेगाला डावीकडून २० नॉटचा वारा असेल तर पडद्यावर थेट समोर दिसणारे विमान काचेत नाकाच्या उजवीकडे साधारण १३ अंशांवर असते, तिथे शोधा.

इशारा आला की पडद्यावर दिशा आणि उंची एकदाच बघा (‘+०३’ म्हणजे ३०० फूट वर) आणि नजर बाहेर न्या. विमान सापडले नाही तर रेडिओवर आपली जागा आणि उंची सांगा. नुसत्या पडद्यावरून वळण घेऊ नका. अमेरिकेच्या ९१.११३ या नियमाने बघून टाळण्याची जबाबदारी वैमानिकाचीच आहे. टॉवर नसलेल्या धावपट्टीच्या सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी तिच्याभोवती घ्यायच्या ठरावीक फेरीत, पडद्याकडे बघूच नका. ॲरिझोनात उन्हाळ्यात तर डॅशबोर्डवरचा टॅब्लेट तापून बंदच पडतो, बऱ्याचदा ऐन डाउनविंडवर, म्हणजे त्याच फेरीच्या धावपट्टीला समांतर टप्प्यावर.